एक शेत, दोन चुली: ॲरिझोनातल्या फ्लेक घराण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिनिक्सजवळ राहते. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की पेट्रिफाइड फॉरेस्ट दाखवून येताना मुद्दाम स्नोफ्लेक गावावरून गाडी वळवते. "इथल्या मूळ पुरुषाला दोन बायका होत्या," एवढं म्हटलं की मागच्या सीटवर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की एकदाच सगळं लिहून ठेवावं म्हटलं.

स्नोफ्लेक म्हणजे हिमकण. इथे इतका बर्फ पडतो का?

बर्फ पडतो, गाव चांगलं उंचावर आहे. पण नावाचा त्याच्याशी संबंध नाही. इरॅस्टस स्नो हे मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी, आणि विल्यम जॉर्डन फ्लेक हा ही जमीन विकत घेणारा शेतकरी. दोघांची आडनावं जोडली आणि 1878 मध्ये गावाचं बारसं झालं.

हे फ्लेक आले कुठून?

विल्यमचा जन्म 1839 चा, नॉर्थ कॅरोलायनातला. त्याच्या आईवडिलांनी मॉर्मन पंथ स्वीकारला आणि घर मिसिसिपीमार्गे यूटाला पोचलं. वडील 1850 मध्ये कॅलिफोर्नियात वारले, काही वर्षांत आईही गेली, आणि पोरगा लहान वयातच गुराढोरांच्या धंद्यात पडला.

एक गोष्ट पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते आणि मी ती टाळत नाही. हे घराणं गुलाम बाळगणारं होतं. 1847 मध्ये मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग याची पहिली तुकडी यूटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली तेव्हा फ्लेक कुटुंबातलं कुणीच तिच्यात नव्हतं. पुढे पाठवला होता त्यांचा गुलाम, ग्रीन फ्लेक, वय साधारण एकोणीस. सॉल्ट लेक सिटीतल्या स्मारकावर त्याचं नाव आहे, पण 'काळे नोकर' अशा मथळ्याखाली. म्हणजे घराण्यातलं जे नाव त्या खोऱ्यात सगळ्यात आधी पोचलं, ते मालकाचं नव्हतंच.

मॉर्मनांमध्ये सगळ्यांनाच चार-पाच बायका असायच्या ना?

नाही. ब्रिगहॅम यंगचे पन्नासच्या वर विवाह ऐकून आपण तोच नमुना धरतो. सामान्य शेतकऱ्याचं तसं नव्हतं. बहुपत्नीक पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांना दोनच बायका होत्या. प्रथा ऐन भरात असताना, 1857 च्या सुमाराला, यूटातली कदाचित निम्मी माणसं आयुष्यात कधी ना कधी अशा घरात नवरा, बायको किंवा मूल म्हणून राहिली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 1870 पर्यंत हे प्रमाण पंचवीस ते तीस टक्क्यांवर उतरलं होतं. बाकीच्यांचा संसार एकाच बायकोबरोबर चालायचा.

चर्चची स्थापना 1830 ची. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने बहुपत्नीत्वाचा 'साक्षात्कार' 1843 मध्ये लिहवून घेतला, पण उघड घोषणा झाली ती ऑगस्ट 1852 मध्ये, तो मारला गेल्यावर आठ वर्षांनी. तोपर्यंत सगळा मामला दबक्या आवाजातला. घोषणेपूर्वीची लग्नं कागदावर शोधताना माणसं रडकुंडीला येतात ती यामुळेच.

पहिल्या बायकोला कुणी विचारायचं का?

रीत अशी होती की तिची संमती घ्यायची. आता नवऱ्याला आणि धर्मगुरूला तोंडावर 'नाही' म्हणणं किती जणींना जमलं असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. धर्मशास्त्रात तर पळवाटही होती: तिने नकार दिला तर नवरा तिच्या संमतीवाचून पुढे जाऊ शकत होता.

विल्यमची पहिली बायको लूसी हॅना व्हाइट. 1858 च्या डिसेंबरात लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची. दहा वर्षांनी, 1868 मध्ये, प्रूडेन्स कार्टनर ही दुसरी बायको म्हणून आली, वय अठराच्या आसपास. लूसीने पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की तुझी तयारी आहे का असं विचारल्यावर तिने होकार दिला. माझी आई आणि बहीण असं जगतायत, त्यांना जमलं तर मलाही जमेल, अशा अर्थाचं ती बोलली. मला हे वाक्य फार खरं वाटतं. त्यात भक्तीचा उमाळा नाही. आईने सोसलं तर आपणही सोसू, एवढाच हिशेब.

दोघी एका घरात नांदायच्या का? मुलं सावत्र आईला काय म्हणायची?

एकच एक पद्धत नव्हती. सुरुवातीला ऐपत नसली की एकाच छपराखाली, मध्ये एखादी भिंत, आणि प्रत्येकीचं दार बाहेर वेगळं उघडणारं. हातात पैसा आला की दुसरं घर: कधी शेजारी, कधी गावाच्या दुसऱ्या टोकाला, कधी दुसऱ्याच गावात. नवरा एकेक दिवस किंवा एकेक आठवडा वाटून राहायचा. एक गावातल्या घरात आणि दुसरी मळ्यावर, हीही सर्रास चालणारी विभागणी.

चूल मात्र वेगळी असे. जुन्या आठवणी वाचताना माझं लक्ष नेहमी यावर जातं: पिठाचं पोतं कुणाच्या घरी उतरलं, दुभती गाय कुणाच्या गोठ्यात बांधली, चांगलं कापड आधी कुणाला मिळालं. प्रेमाबिमाबद्दल त्या बायका फार लिहीत नाहीत. गाईबद्दल लिहितात.

मुलं वडिलांच्या दुसऱ्या बायकोला 'आंट' म्हणायची. आंट अमुक, आंट तमुक. आपल्याकडे 'धाकटी आई' किंवा 'मावशी' म्हणतात तसंच. वंशावळ शोधणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं, कारण पत्रातली आंट खरी मावशी की आत्या की वडिलांची दुसरी बायको, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही.

म्हणजे शेतीला हात हवेत म्हणून जास्त बायका, असंच ना?

हा प्रश्न बहुतेक पुरुष पाहुणे विचारतात, आणि आवाजात 'मला कळलंय बरं' असा सूर असतो. उत्तर: नाही, आणि थोडंसं हो.

नाही, कारण या माणसांनी लग्नं केली ती धर्मावरच्या श्रद्धेपोटी. स्वर्गातला सर्वोच्च दर्जा या विवाहाने मिळतो असं त्यांना शिकवलं होतं आणि ते त्यांनी मनापासून मानलं. शिवाय हिशेब काढला तर खाणारी तोंडं हातांच्या आधी वाढतात. लूसीला तेरा मुलं झाली, त्यातली काही लहानपणीच गेली. मूल आठ-दहा वर्षांचं होऊन गुरांमागे जाईपर्यंत तो खर्चच.

हो, कारण एकदा घर उभं राहिलं की शेती त्या घराच्या आकाराची होते. फ्लेक कुटुंबाला 1877 मध्ये चर्चने यूटातलं बीव्हर गाव सोडून ॲरिझोनाला जायला सांगितलं. इथे 'कॉल' हा शब्द आहे, त्याला नाही म्हणायचं नसतं. बसलेला संसार मोडून, ऐन थंडीत, बैलगाड्या आणि गुरं घेऊन ती माणसं निघाली. आधी लिटल कोलोरॅडो नदीकाठी प्रयत्न झाला. ती नदी एरवी गढूळ ओहोळ आणि पूर आला की राक्षस. तिच्यावर मॉर्मन वसाहतींनी मातीचे आणि लाकडाचे बांध घातले, नदीने ते नेले. पुन्हा घातले, पुन्हा नेले. शेजारच्या काही वसाहतींत तर जमीन-गुरं सामाईक आणि जेवण एका पंगतीत, असा प्रयोग चालला होता. विल्यमचं मन त्यात रमलं नाही. तो जमीन हुडकत फिरला आणि सिल्व्हर क्रीकवरची जेम्स स्टिन्सनची रँच त्याने 12,000 डॉलरला ठरवली. रोकड कुठली असणार, किंमत फेडायची ती गुरांच्या रूपात.

त्या जमिनीचं खरं मोल पाण्यात होतं. ओढा बारमाही, पाट काढता येण्याजोगा. पाटाचं काम सगळ्यांनी मिळून करायचं आणि पाणी पाळीने घ्यायचं. धुळे-साक्रीकडच्या फड पद्धतीबद्दल ज्यांनी ऐकलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. रात्री दोनची पाळी आली तर रात्री दोनला कंदील आणि फावडं घेऊन बांधावर कुणीतरी हवंच. नवरा दुसऱ्या घरी असेल, गुरं विकायला गेला असेल किंवा चर्चच्या कामाने महिनाभर बाहेर असेल, तर ते कुणीतरी म्हणजे बायको नाहीतर थोरला मुलगा.

बायकांचा दिवस कसा जायचा?

लूसीने रोजनिशी ठेवली होती, म्हणून हे नीट सांगता येतं. 1896 च्या मे महिन्यातली एक नोंद आहे, तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची. उठले, कोंबड्या सोडल्या, बादलीभर पाणी शेंदलं, रोपांच्या वाफ्यांना पाणी घातलं, चूल पेटवली, बटाटे उकडायला टाकले, जमिनीवरची अर्धा इंच धूळ झाडून काढली, पिल्लांच्या तीन झुंडींना दाणे घातले, मग बिस्किटांचं पीठ भिजवलं, न्याहारी केली, धार काढली, आणि वर घरातलं काम. आज तर वासरांमागे अर्धा मैल जावं लागलं. शेवटी एक ओळ, शेतावरचं जगणं हे असं.

अर्धा इंच धूळ. मी इथल्या वाऱ्याचा अनुभव घेतलाय, आकडा फुगवलेला नाही. आणि ही बाई गावच्या संस्थापकाची थोरली बायको होती, कुणी गरीब विधवा नव्हे.

पटलं नाही तर सुटका होती का?

होती, आणि त्या काळाच्या मानाने सोपी. ब्रिगहॅम यंगने आपल्या कारकिर्दीत सोळाशेहून जास्त घटस्फोट मंजूर केले. कटकट करत का होईना, पण केले. बाई मागायला आली तर सहसा अडवत नसत. सुटल्यावर मुलांना घेऊन कुठे जायचं आणि खायचं काय, हा प्रश्न उरायचाच.

आणखी एक चकवणारी गोष्ट: यूटाच्या बायकांना 1870 मध्ये मताचा हक्क मिळाला. पूर्वेकडच्या शहाण्यांना वाटलं, या बायका मतदान करून बहुपत्नीत्व बुडवतील. त्यांनी तसं केलं नाही. मग 1887 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो हक्कच काढून घेतला. राज्य झाल्यावर 1896 मध्ये मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर, जी स्वतः चौथी बायको होती, राज्याच्या सिनेटवर निवडून आली. हरलेल्या उमेदवारांत तिचा नवराही होता!

हे कायदेशीर होतं का?

1862 पासून नव्हतं, पण त्या कायद्याला दात नव्हते. मॉर्मन ज्यूरी मॉर्मन माणसाला दोषी कशाला ठरवेल? 1879 मध्ये रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: श्रद्धा काहीही ठेवा, आचरण कायद्यात बसलं पाहिजे. 1882 च्या एडमंड्स कायद्याने फास आवळला. आता दुसरं लग्न सिद्ध करायची गरज उरली नाही, दोन बायकांबरोबर 'नांदणं' एवढाच गुन्हा पुरे. अशा माणसांना 'कोहॅब' हे नाव पडलं आणि त्यांना धरायला फेडरल मार्शल रात्री-अपरात्री घरांवर धाडी घालू लागले. गरोदरपण हाच पुरावा, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या बायका पोट दिसू लागलं की नाव बदलून परगावी नातलगांकडे जायच्या. याला म्हणत 'अंडरग्राउंड'. जन्मनोंदीत भलतंच गाव का येतं, त्याचं कारण इथे सापडतं.

विल्यमवर 1884 मध्ये प्रेस्कॉटला खटला चालला. त्याच सत्रात ज्यांनी गुन्हा नाकारला त्या तिघांना साडेतीन वर्षांसाठी थेट डेट्रॉइटच्या तुरुंगात धाडलं. विल्यमने गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा महिने युमाची कैद आणि 500 डॉलर दंड झाला. युमाचा तो तुरुंग आज पाहता येतो. ऐन उन्हाळ्यात जाऊन त्या लोखंडी पट्ट्यांच्या कोठडीत दोन मिनिटं उभं राहा, पुरे होतं. इकडे घर आणि शेत दोन बायकांवर आणि पंचविशीतल्या थोरल्या मुलावर. सुटून आला तो दोन्ही घरी आला. एकीलाही सोडलं नाही.

1890 मध्ये बंदी आल्यावर बायका वाऱ्यावर पडल्या का?

चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी सप्टेंबर 1890 मध्ये 'जाहीरनामा' काढला, तो नव्या लग्नांबद्दल. जुन्या संसारांचं काय करायचं हे कुणी स्पष्ट केलंच नाही. बऱ्याच पुरुषांनी नांदणं चालूच ठेवलं. काहींनी धाकटीच्या घरी जाणं सोडून फक्त धान्य पाठवलं, आणि काहींनी तेही नाही. काही कुटुंबं त्याआधीच मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतात पळाली होती. माइल्स पार्क रॉमनी हा त्यातलाच, अमेरिकी राजकारणी मिट रॉमनीचा पणजोबा. 1904 मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला तेव्हा कुठे चर्चने खरोखर कडक पवित्रा घेतला.

वारसाहक्काचं काय? जमीन कुणाची?

कायद्याच्या लेखी पहिलीच बायको. बाकीच्या म्हणजे अविवाहित बाया. याचा एक गमतीदार उपयोग असा, की सरकारी जमिनीवर अविवाहित स्त्री स्वतःच्या नावाने दावा लावू शकत असे. तोटा उघडच होता. मुलांच्या बाबतीत एडमंड्स कायद्यानेच थोडी दया दाखवली: 1 जानेवारी 1883 पूर्वी जन्मलेली मुलं औरस मानली गेली. म्हणजे एकाच आईची दोन मुलं, पुढच्या-मागच्या वर्षी झालेली, एक औरस आणि एक नाही. शहाणे बाप हयातीतच तुकडे पाडून प्रत्येकीच्या नावावर खरेदीखतं करून देत. वंशावळ धुंडाळताना मला तरी मृत्युपत्रापेक्षा ही खतं जास्त बोलकी वाटतात.

असल्या घराण्याची वंशावळ काढायची तर सुरुवात कुठून?

आईपासून. बापापासून सुरुवात केली की सगळी मुलं एका ढिगात पडतात आणि गुंता होतो. 'फॅमिली ग्रुप शीट' या छापील तक्त्याचा नियमच असा की प्रत्येक बायकोला स्वतंत्र कागद. दोन बायका, दोन कागद, नवऱ्याचं नाव दोन्हींवर.

जनगणनेत जपून. 1880 मध्ये काही ठिकाणी एकाच घरात दोनदा 'बायको' लिहिलेलं आढळतं, काही ठिकाणी दुसरी बाई स्वतंत्र कुटुंबप्रमुख, तर कुठे चक्क 'घरकाम करणारी'. 1890 ची जनगणना शोधू नका, तिचा जवळजवळ सगळा दस्तऐवज 1921 च्या आगीनंतर गेला. नेमकं जे वर्ष हवं तेच. स्नोफ्लेकचे कागद हवे असतील तर गाव आज नवाहो काउंटीत असलं तरी 1895 पूर्वी ते अपाची काउंटीत होतं, आणि 1879 पूर्वी यावापाई. मी पहिल्यांदा चुकीच्या काउंटीत अख्खी दुपार घालवली होती.

आणि मंदिरातली 'सीलिंग', म्हणजे नवरा-बायकोला परलोकासाठीही जोडणारा विधी, झाली की संसारही झाला असं धरू नका. कित्येक वयस्क विधवांचं केवळ परलोकापुरतं सीलिंग झालेलं असे; नवऱ्याच्या घरात त्यांनी पाऊलही टाकलेलं नसे. नोंद पक्की असूनही घर नसतं.

मॉर्मनांना वंशावळींचं एवढं वेड का?

मेलेल्या पूर्वजांचेही धर्मविधी करता येतात असं ते मानतात, त्यासाठी नाव-गाव पक्कं हवं. 1894 मध्ये त्यांनी यूटात वंशावळ संस्था काढली आणि आज सॉल्ट लेकजवळच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत लाखो मायक्रोफिल्म आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी चित्रित केल्या. आपण त्र्यंबकेश्वरला गुरुजींच्या नामावळीत पणजोबांची सही शोधतो, तेव्हा आपल्यालाही हे वेड फार परकं वाटू नये.

यात भारत-महाराष्ट्राचा काही धागा आहे का?

फ्लेक घराण्याशी नाही. पण मॉर्मन इतिहासात आहे. ह्यू फिंडले नावाचा धर्मप्रचारक 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याच्या छावणीत त्याने छोटी मंडळी जमवली. त्या मंडळीतल्या विल्यम टेट या सैनिकाची बायको एलिझाबेथ झेवियर टेट हिचा जन्म मुंबईचा. ती 1856 मध्ये हातगाडी ओढणाऱ्या विली तुकडीबरोबर निघाली. वायोमिंगच्या बर्फात अडकलेली, सत्तरच्या आसपास माणसं दगावलेली तीच तुकडी. एलिझाबेथ वाचली आणि दक्षिण यूटातल्या सीडर सिटीत तिने संसार केला. मुंबईच्या उकाड्यातून त्या बर्फात!

दुसरा धागा कोर्टातला. रेनॉल्ड्सच्या निकालात न्यायाधीशांनी बहुपत्नीत्व ही आशिया-आफ्रिकेतली चाल आहे असं म्हटलं आणि सतीचा दाखला दिला. मुंबई प्रांतात 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी आली. तिला आव्हान मिळालं ते नरसू अप्पा माळी खटल्यात, 1951 मध्ये. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायदा उचलून धरताना श्रद्धा आणि आचरण यांतला फरक सांगितला आणि आधाराला अमेरिकेतला मॉर्मन खटलाच घेतला. म्हणून पाहुण्यांपैकी कुणी "काय हे लोक!" म्हणालं, की मी त्यांच्या पणजोबांना किती बायका होत्या ते विचारते. गाडीत एकदम शांतता पसरते. दर तिसऱ्या खेपेला कुणीतरी हळूच म्हणतं, "दोन."

मॉर्मन आजही असं करतात का?

मुख्य चर्च नाही. केलं तर बहिष्कृत करतं. टीव्हीवर दिसतात ते फुटून निघालेले गट. त्यातल्या एका गाजलेल्या गटाचं गाव ॲरिझोना-यूटा सीमेवरचं, स्नोफ्लेकशी त्याचा संबंध नाही.

फ्लेक आज कुठे आहेत?

जिकडे तिकडे. 2013 ते 2019 अमेरिकेच्या सिनेटवर असलेले जेफ फ्लेक याच घराण्यातले आणि याच गावात जन्मलेले. विल्यम स्वतः 1932 पर्यंत जगला, त्र्याण्णव वर्षं. लूसी 1900 च्या जानेवारीत गेली.

लूसी सुखी होती का?

हे मला बायका विचारतात, आणि बहुतेक वेळा पाहणं संपवून गाडीत परत बसताना. तिच्या लिखाणात श्रद्धा आहे, गेलेल्या लेकरांचं दुःख आहे, पाठदुखी आहे, नवरा घरी नसल्याच्या नोंदी आहेत. सवतीविरुद्ध गरळ नाही. पण रोजनिशी नातवंडं वाचणार हे तिला ठाऊक होतं, आणि आपल्या आज्यांनी तरी नातवंडांना सगळं कुठे सांगितलं? प्रूडेन्सची बाजू तिच्या स्वतःच्या शब्दांत मी अजून वाचलेली नाही. दोघींपैकी एकीकडेच वही होती, म्हणून आपण एकीबद्दलच विचारतो.

गावात पाहायला काय आहे?

विटांची काही जुनी घरं, एक छोटं पायोनियर म्युझियम, टेकडीवर 2002 मध्ये झालेलं मंदिर. बिगरमॉर्मनांना ते बाहेरूनच पाहता येतं. जुलैमध्ये पायोनियर डेजची मिरवणूक असते, तेव्हा गेलात तर गावातला निम्मा माणूस एकमेकांचा चुलत-सावत्र निघतो. हॉलब्रुकहून अर्धा तास, फिनिक्सहून तीन. सिल्व्हर क्रीकचा पाट रस्त्यावरून लगेच दिसत नाही. गाडी लावून थोडं चालावं लागतं.